पालथ्या होडीची दुसरी बाजू

मेणबत्ती इकडं सरकव, सुन्निवा. दाराजवळ ठेवलीस तर फटीतल्या वाऱ्यानं विझेल, आणि मग हा ट्रिम माझ्या मांडीवर येऊन बसेल. हसू नकोस रे. तुझा बाप तुझ्याएवढा होता तेव्हा बसला होता, याच होडीघरात.

लाइट काही आता येत नाही. म्हातारीच्या डोंगरावरून वारा खाली उतरला की आधी आपल्याच तारा तुटतात. उद्या पहिला कॉड मासा आणायला तुम्ही दोघं जाणार ना? वल्ही तपासली? बरं. आणि लाइफ जॅकेट? बघा, लागले एकमेकांकडं बघायला! ते जॅकेट स्वेटरच्या वरून घालायचं. नारिंगी रंग फोटोत दिसला तर दिसू दे. का, ते सांगतो. तसंही वारा पडेपर्यंत मी तुम्हाला घरी सोडत नाही, आणि किटलीत कॉफी आहे.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. माझा भुतांवर विश्वास नाही. माणसांवर तर त्याहून नाही. त्यामुळं ही गोष्ट मला सांगितली गेली तेव्हा मी ती चारही बाजूंनी ठोकून पाहिली, कुठं पोकळ वाजते का म्हणून. सांगणारा होता हाल्वार. तुम्ही त्याला पाहिलंय. फेरीबोटीवर मी सुकाणू धरायचो आणि तो धक्क्याला दोर टाकायचा, वर्षानुवर्षं. लग्न केलं नाही त्यानं कधी. विचारलं तर म्हणायचा, "दिवसभर बांधायचं-सोडायचंच काम करतो, घरी आणि कशाला?" थापा मारणारा नव्हता. थापा मारायला कल्पना लागते, ती त्याच्याकडं नव्हती.

त्याची धाकटी बहीण रॅग्ना. तिचा नवरा एम्ब्रिक, होड्या बांधणारा. आणि एम्ब्रिकचा जिवलग मित्र स्टाइनार, मासळीच्या गोदामात कामाला. बस, एवढीच माणसं. लक्षात ठेवा, पुन्हा सांगणार नाही.

पहिल्या कॉडची रीत तुम्हाला माहीत आहे. इंजिन नाही, लाकडी होडी, दोन माणसं, वल्हवत जायचं. मग तो मासा कलेजी-गाबोळीसकट शिजवून वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना घालायचा. पुढच्या वर्षी मीही त्या म्हाताऱ्यांत जमा होईन, तेव्हा जरा मोठा आणत चला. त्या वर्षी मान एम्ब्रिक आणि स्टाइनारचा होता. होडी एम्ब्रिकनं स्वतः बांधलेली, नवी कोरी, डांबराचा वास येत होता. लोकरीचे स्वेटर, कातडी विजारी, पणजोबांसारखा सगळा थाट. धक्क्यावर फोटो काढायला एक मुलगी आली होती. ती म्हणाली, "ती नारिंगी जॅकेटं फार वाईट दिसतायत हो." एम्ब्रिक म्हणाला, "खरंच की!" काढली, पायाशी टाकली. दोघांनीही. फोटो सुरेख आला. पुन्हा घालायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण सगळं गाव धक्क्यावर उभं राहून बघत होतं. आपल्या गावात माणूस बुडेल एक वेळ, पण वेंधळा दिसणार नाही.

दुपारी म्हातारीच्या खिंडीतून वारा खाली कोसळला. होडी पालथी झाली.

मी फेरीबोट घेऊन पलीकडच्या बेटावरून येत होतो. जानेवारीतली दुपार कशी असते, उजेड म्हणावा तर नाही, सगळं निळं. त्या निळ्यात हाल्वारला ती पालथी होडी दिसली, आणि होडीवर एक माणूस. मी बोट जवळ नेली. हाल्वार दोराला लटकून खाली उतरला आणि त्यानं त्या माणसाला सोडवून वर आणलं. स्टाइनार होता. एम्ब्रिक नव्हता. तो पुढंही कधी सापडला नाही. आपल्या सामुद्रधुनीतला प्रवाह घेतलेलं परत देत नाही.

शुद्धीवर आल्यावर स्टाइनार म्हणाला, "एम्ब्रिक होडीवर आलाच नाही. उलटली तेव्हाच गेला. मी हाका मारल्या, पण दिसलाच नाही." रडला बिचारा. सगळे रडले.

हाल्वार मात्र रडला नाही. कारण त्यानं स्टाइनारला सोडवताना एक पाहिलं होतं.

ट्रिम, सांग बरं, होडी पालथी झाली आणि वर दोघं असले, तर काय करायचं? शिकवलंय ना तुम्हाला? बरोबर. एक या बाजूला पोटावर, एक त्या बाजूला. मधे होडीचा कणा. कण्यावरून हात टाकून एकमेकांचं मनगट धरायचं. बोटं नाही, मनगट. याच्या वजनानं तो तोलला जातो, त्याच्या वजनानं हा. आणि एकटा असला तर? शाबास. घोड्यावर बसतात तसं कण्यावर बसायचं. आपल्याकडचं शेंबडं पोरही एकटं असताना एका बाजूला लोळणार नाही.

स्टाइनार एका बाजूला होता. पोटावर. उजवा हात कण्यावरून पलीकडं टाकलेला, काखेपर्यंत. पंजा उघडा.

हाल्वारनं हे मला त्याच रात्री सांगितलं आणि म्हणाला, "कोणाला बोलू नकोस. गारठलेला माणूस कसाही पडू शकतो." खरं होतं ते. पडू शकतो. एवढीशी होडी दोघांना किती वेळ पेलेल आणि एकट्याला किती, हा हिशेबही गावात प्रत्येकानं मनातल्या मनात केला असेल. पण मोठ्यानं कोण बोलणार? पाण्यात राहून माशाशी वैर! चर्चमध्ये स्टाइनार आला की लोक सरकून जागा द्यायचे. जरा जास्तच सरकायचे.

पुढं दोन वर्षं होत आली. स्टाइनार रॅग्नाच्या दारातला बर्फ काढायचा, लाकडं फोडायचा, छताचे पत्रे ठोकायचा. चांगलं वागायचा हो, खोटं कशाला बोलू? त्यालाच माझा आक्षेप होता. मित्राच्या बायकोसाठी माणूस सहा महिने लाकडं फोडेल. दोन वर्षं? आणि एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा म्हणायचा, की ती होडी आता जाळून टाकूया, कशाला ती आठवण. रॅग्नानं ऐकलं नाही. होडी एम्ब्रिकच्या होडीघरात उलटी घालून ठेवली होती, तिकडं, जिथं रस्ता संपतो, मासे वाळवायच्या मांडवांच्याही पलीकडं.

मग स्टाइनारनं तिला मागणी घातली. तिनं सांगितलं, चोवीसला, नाताळच्या संध्याकाळी उत्तर देते.

आता ऐका. तेवीस डिसेंबर, शनिवार. महिनाभर सूर्य नाही. दुपारचे तीन वाजले असतील, पण काळोख मध्यरात्रीसारखा. वारा अजिबात नाही. हाल्वार बहिणीकडं गेला होता. ती चुलीपाशी उभी राहून नाताळचा दूधभात ढवळत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "दादा, उद्या स्मशानात सगळे दिवे लावतील. माझ्याकडं दिवा लावायला थडगं नाही. समुद्रात गेलेल्यांच्या दगडापाशी त्याचा कंदील लावीन म्हणते. होडीघरात असेल, आणून देशील?"

"आणतो की."

"आणि दादा… होडीवरून स्टाइनारला तू उतरवलंस. उद्या मला त्याला उत्तर द्यायचंय. तुला काय दिसलं होतं?"

हाल्वारनं टोपी डोक्यावर ओढली. तो म्हणाला, "अंधार होता गं."

"दुपार होती," ती म्हणाली.

नुसत्या संशयावर एका माणसाला बुडवायचं कसं? आणि नाही बोलला, तर बहिणीला कोणाच्या हाती देतोय? खरं सांगतो, मला त्याच्या जागी व्हायचं नव्हतं. तो तसाच उभा होता, तेवढ्यात दार ढकलून स्टाइनार आत आला, हातात लाकडांची मोळी. म्हणाला, "कुठं निघालात मेव्हणे?" अजून कशाचा पत्ता नाही आणि मेव्हणे! हाल्वारनं सांगितलं, होडीघरात, कंदील आणायला.

मोळी ठेवता ठेवता स्टाइनार थांबला. "मी येतो," म्हणाला.

"एका कंदिलाला दोन माणसं कशाला?"

"रस्त्यावर बर्फाची काच झालीय. माझ्या गाडीला खिळ्यांचे टायर आहेत. चला."

खाई त्याला खवखवे. हाल्वारला वाटलं, हा मला त्या होडीजवळ एकट्याला जाऊ देणार नाही. रॅग्ना चमचा हातात धरून दोघांकडं बघत होती. म्हणाली, "जा दोघंही. भात होईपर्यंत या."

गाडीत स्टाइनार सारखा बोलत होता. नाताळचं मटण खारट झालंय, कुठल्या काकूंचा कुत्रा हरवलाय, खडकावर पाणकावळे किती झालेत. बोलणारा माणूस बडबड करतो ते वेगळं, आणि भिणारा करतो ते वेगळं. रस्ता संपला तिथं गाडी ठेवून दोघं खाली उतरले. ओहोटी होती. समुद्र दूर, शेवाळ गोठलेलं. होडीघराचं दार ओढलं, तर स्टाइनार उंबऱ्याबाहेरच थांबला.

"तू जा. मी सिगरेट ओढतो."

"येतो म्हणालास ना?"

"इथवर आलो की. कंदील समोरच्या भिंतीवर आहे, खिळ्याला."

याला कसं माहीत? हाल्वारनं विचारलं नाही. कपाळावरची बत्ती लावून आत गेला.

आत जागा अशी नाहीच. होडी आडवी घातलेली, पालथी, सुताराच्या लाकडी घोड्यांवर, दोन्ही टोकं भिंतींना टेकलेली. कंदील खरोखरच पलीकडच्या भिंतीवर होता. वळसा घालायला वाट नव्हती. त्यानं हातमोजे काढून खिशात घातले, होडीवर पोट टेकलं आणि कण्यावरून उजवा हात पलीकडं लांब केला. अजून थोडा. बोटांना कंदिलाची कडी लागली…

बत्ती विझली.

थंडीत बॅटऱ्या जातात. त्यानं तेच स्वतःला सांगितलं. कडी हातातून सुटली. खाली पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

आणि होडी हलली.

लाकडी घोड्यांवरची होडी. वर गेली. खाली आली. सावकाश… पुन्हा वर.

हाल्वारला पाण्याचा आवाज येत होता. ओहोटी होती, सांगितलं ना? समुद्र दूर होता. हा आवाज जवळून येत होता. खालून. पायांशी.

तो घसरायला लागला. पाय टेकायला जमीनच मिळेना. त्यानं हात झाडला, आणि पलीकडून एका हातानं त्याचं मनगट पकडलं.

घट्ट. आपण पकडतो तसं. त्यानंही ते मनगट पकडलं. विचार करून नाही, शिकवलेलं असतं म्हणून.

काय म्हणालीस, सुन्निवा? गार? नाही.

तो हात गरम होता.

भुताचा हात गार असतो असं सगळे सांगतात. मी हाल्वारला हेच विचारलं होतं. तो म्हणाला, "कप्तान, गरम होता. जिवंत माणसाचा. नाडी लागत होती मला, धडधड. गार होता तो माझा हात. माझ्या बाहीतून पाणी गळत होतं."

त्याला वाटलं, स्टाइनार कुठून तरी पलीकडं शिरलाय. म्हणाला, "स्टाइनार, थट्टा पुरे."

पकड आणखी घट्ट झाली.

"बोल ना रे…"

नुसता श्वास. पलीकडून. जोरजोरात.

आणि तेव्हा मागून, दाराबाहेरून, स्टाइनारची हाक आली. "मिळाला का कंदील?"

मागून.

…

बस खाली, ट्रिम. दाराकडं काही नाही, वारा आहे तो.

हाल्वारला ओरडायचं होतं. तोंड उघडलं तर तोंडात खारं पाणी. आणि मग त्या हातानं पकड सोडली. हाल्वारनं नाही सोडली. तो धरून होता, सगळा जीव एकवटून. सुटलो तर गेलो, एवढंच त्याला कळत होतं.

मग दुसरा हात आला.

तोही गरम. त्यानं हाल्वारची करंगळी चाचपली. उचलली. मागं वाकवली.

मग तिच्या शेजारचं बोट. तिथं जरा थांबला…

मग मधलं. मग अंगठ्याजवळचं.

घाई नव्हती. तो म्हणाला, सगळ्यात वाईट तेच होतं. घाई नव्हती.

शेवटी अंगठा.

हाल्वार जमिनीवर आपटला. लाकडाचा भुसा, सुकं शेवाळ, बाकी काही नाही. सगळं कोरडं. स्टाइनार मोबाइलचा उजेड घेऊन दारात आला. पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत. उजेड आधी होडीवर पडला, मग हाल्वारवर. स्टाइनारचा चेहरा हाल्वारला दिसत नव्हता. आवाज ऐकू आला.

"तिथून ऊठ. त्या बाजूला नको."

"का?"

"एम्ब्रिकच्या बाजूला नको. ऊठ."

आता तुम्ही वल्हवणारी पोरं आहात, तुम्हीच सांगा. होडीत दोघं कसे बसतात? एकामागं एक. दोन्ही बाजूंची वल्ही ज्याच्या त्याच्या हातात. सरळ होडीत कोणाला बाजू नसतेच. बाजू असते ती फक्त पालथ्या होडीवर.

हाल्वार उठला. "कोणाची बाजू म्हणालास?" त्यानं विचारलं.

स्टाइनारनं उजेड दाराकडं वळवला.  म्हणाला, "चल. भात झाला असेल."

कंदील? कंदील होडीच्या अलीकडं पडलेला मिळाला, दारापाशी. तो मिळाला खरा, पण हाल्वारला आता परत त्याच गाडीत बसायचं होतं. चालत जावं तर थंडीनं मेला असता. बसला. उजवा हात कोटाच्या खिशात, कारण बोटं ठणकत होती. जाताना इतका बोलणारा माणूस येताना एक अक्षर बोलेना. मांडवांपुढचं ते वळण आहे ना, जिथं कठडा नाही आणि खाली सरळ पाणी आहे, तिथं त्यानं गाडी थांबवली. इंजिन चालू.

"रॅग्नाला काय सांगणार?"

हाल्वार म्हणाला, "कंदील मिळाला."

"एवढंच?"

"तुझ्याकडं आणखी काही सांगण्यासारखं आहे?"

स्टाइनार समोर बघत होता. वायपर उगाच काचेवरून फिरत होते, बर्फ पडत नव्हता तरी. त्या वेळी हाल्वारनं दाराची कडी चाचपून ठेवली होती, असं त्यानं मला सांगितलं. मला विचाराल, तर ती त्यानं आधीच चाचपायला हवी होती. मग गाडी निघाली.

रॅग्नानं टेबल मांडलं होतं. तीन ताटल्या, भातावर लोणी आणि दालचिनी, मेणबत्ती. कंदील घेतला, पुसला, बाजूला ठेवला. तिघं बसले. तिनं एकदा भावाकडं पाहिलं. तिला उत्तर हवं होतं, हे त्याला कळत होतं. आणि त्याला सांगायचं होतं, पण सांगणार काय? गरम हाताची गोष्ट? वेडा म्हणाली असती. बाजूची गोष्ट? स्टाइनार म्हणाला असता, जीभ घसरली. तो मान खाली घालून बसला. शेवटी चमचा धरायचा म्हणून खिशातला हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

रॅग्ना त्या हाताकडं बघत राहिली.

मग तिनं तो आपल्या हातात घेतला. मेणबत्तीजवळ नेला. हाल्वारनंही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. उजव्या हाताची अनामिका. मुळाशी एक खोल पट्टी, गोलाकार, पांढरी फटक. बाकीचा हात आयुष्यभर दोर ओढून रापलेला, आणि ती पट्टी मात्र अशी, जिथं वर्षानुवर्षं ऊन लागलेलं नाही.

ज्यानं कधी लग्नाची अंगठी घातली नाही, त्याच्या बोटावर.

रॅग्नानं त्या बोटावर आपली दोन बोटं ठेवली, आणि अंगठी फिरवावी तशी हळूहळू फिरवली. कोणाकडंही न बघता म्हणाली, "त्याची निघायचीच नाही. साबण लावला तरी नाही."

स्टाइनार त्या बोटाकडं बघत होता.

 भातावरचं लोणी वितळून गेलं. मग स्टाइनारनं आपला उजवा हात टेबलाखाली घेतला, उठला आणि कोट न घालताच बाहेर गेला. गाडी निघाल्याचा आवाज आला. ती बंदराकडं गेली नाही, घराकडंही नाही. दक्षिणेच्या रस्त्याला लागली. त्याच्या घराला अजून कुलूप आहे, तुम्ही रोज त्यावरून शाळेत जाता.

रॅग्नानं त्याची ताटली उचलली, भात परत भांड्यात ओतला आणि भावाला म्हणाली, "जेव तू. गार होतंय."

हे सगळं हाल्वारनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, स्मशानात, सगळीकडं दिवे लावलेले असताना. मी काय केलं असेल? म्हटलं, दाखव. दाखवलं त्यानं. मी अंगठ्यानं घासलं. थुंकी लावून घासलं. मग म्हटलं, दोर करकचला असेल कधीतरी. तो म्हणाला, "असेल." आणि मोजा घातला. मी नंतर वर्षभर त्याच्या त्या बोटाकडं चोरून बघायचो, पट्टी फिकट होते का. उन्हाळा आला, रात्रंदिवस ऊन, त्याचे हात तांबूस झाले. पट्टी तशीच.

मागच्या शरदात तो गेला. झोपेतच गेला, सुखाचं मरण. मागं बायको-पोरं नाहीत, रॅग्नानं मलाच पुढं केलं, म्हणून शवपेटीत त्याचे हात छातीवर मी जुळवले. उजवा वर ठेवला.

शंका माझ्या रक्तातच आहे, मी पुन्हा एकदा अंगठा फिरवून पाहिला. मेलेल्या माणसाचा हात तुम्हाला माहीत नसेल, लाकूड होतो. सगळा गार होता.

तेवढी पट्टी गरम होती.